हेअर ट्रान्सप्लांट : कोल्हापुरात ४५ हजार, पुण्यात १ लाख ६२ हजार. हा फरक नेमका कशाचा?

शिरोलीवाला (प्रश्न)

वय २७. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे. कपाळाचे दोन्ही कोपरे बारावीनंतरच मागं सरकायला लागले होते. आता मधला तुरा तेवढा उरलाय आणि ट्यूबलाइटखाली भोवऱ्यावर कातडी दिसते. बाबांना पस्तिशीतच पूर्ण टक्कल पडलं, दोन्ही काकांचंही तेच. घरात स्थळं बघणं चालू आहे. मागच्या स्थळाकडच्यांनी फोटो बघून मध्यस्थाला विचारलं, "मुलाचं वय नक्की किती?" तेव्हापासून आई जास्वंदीचं तेल घेऊन मागं लागली आहे.

दोन ठिकाणी दाखवून आलो.

पहिलं कोल्हापुरातलंच. ४५ हजारात "अनलिमिटेड ग्राफ्ट", वर दोन पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेली इंजेक्शनं) फुकट. ग्राफ्ट म्हणजे मागून मुळासकट काढून पुढं लावायचा एक ते तीन-चार केसांचा पुंजका. डॉक्टर भेटलेच नाहीत, सगळं काउन्सिलर मॅडमनी सांगितलं. त्यांनी पेननं कपाळावर रेघ मारून दाखवली, ती माझ्या दहावीतल्या फोटोपेक्षाही खाली होती. रोख दिले तर पाच हजार आणखी कमी, याच आठवड्यात बुक केलं तर अजून काहीतरी.

दुसरं पुण्यात. सर्जन स्वतः निवांत बोलले, भिंगाच्या कॅमेऱ्यानं डोक्याची मागची बाजू तपासली. २५०० ग्राफ्ट, ग्राफ्टला ५५ रुपये, म्हणजे १ लाख ३७ हजार ५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १ लाख ६२ हजार २५०. आणि वर म्हणाले, घाई नको, आधी औषध सुरू कर, वर्षभरानं बघू. म्हणजे एवढे पैसे मागायचे आणि लगेच करायचंही नाही!

गाडीचा हप्ता चालू आहे, मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, विचारून झालं. मशीन तेच, पद्धत तीच (एफयूई, म्हणजे एकेक ग्राफ्ट सुटा काढायचा), मग साडेतीन पट पैसे काय पुण्याच्या भाड्याचे? की सर्जनच्या हातानं खरंच एवढा फरक पडतो? कुणी केलं असेल किंवा जवळून बघितलं असेल तर सांगा. "टक्कल मिरव" हा सल्ला मित्रांनी देऊन झालाय, तो नको.

हिशेबनीस

ट्रान्सप्लांटचं मला काही कळत नाही, बिलाचं कळतं. दवाखान्याच्या उपचारांना जीएसटी माफ असतो, पण हेअर ट्रान्सप्लांट आणि कॉस्मेटिक सर्जरी त्यातून वगळली आहे. अपघात किंवा जन्मजात दोष असेल तर गोष्ट वेगळी. बाकी कर लागतो, तुम्हाला पुण्यात १८ टक्के सांगितला. रोख देऊन पाच हजार कमी म्हणजे बहुतेक बिल मिळणार नाही, आणि बिल नसलं तर उद्या काही बिनसल्यावर तुम्ही तिथं गेला होता हे दाखवायला हातात काय राहील? दोन्ही आकडे लावून बघताना ४५ मध्ये कर धरलाय का तेही विचारा.

सलूनवाला, राजारामपुरी

मी डॉक्टर न्हाई, कारागीर हाय. वडलांच्या वेळेपासनं दुकान हाय. लोक पुढनं कपाळ बघत्यात, मी मागनं बघतो. ट्रान्सप्लांट केलेलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्यानं सांगायच्या आदी मला कळतंय.

चांगल्या हाताचं असलं तर मागं दोन नंबरची मशीन फिरवली तरी बारीक पांढरं ठिपकं कुठंकुठं, ते पण शोधावं लागत्यात. वाईट हाताचं असलं तर एकीकडं दाट आणि एकीकडं नुसती कातडी. एक पोरगा येतोय माझ्याकडं, तिशीचा असंल. स्वस्तात केलंय, कुठं ते लिहीत न्हाई. पुढची रेघ एकदम सरळ, आणि पहिल्याच ओळीत तीन-तीन केसांचं झुबकं. माणसाच्या कपाळाला असं केस येत न्हाईत, पहिल्या ओळीला एकेकटं बारीक केस असत्यात, ते पण वाकडंतिकडं. त्याला फेड कट (मागं एकदम बारीक) पाहिजे असतोय, पण मला मारता येत न्हाई. मागचं केस दोन बोटं वाढवून झाकावं लागत्यात. आणि लावलेल्या केसांच्या पाठीमागचं त्याचं सोताचं केस गळायचं काय थांबलं न्हाई, त्यामुळं आता पुढं पट्टी हाय आणि मधी मोकळं. दुसऱ्या डॉक्टरनी सांगितलं, मागं काढण्याजोगं कायच उरलं न्हाई, थोडंफार दाढीतनं काढता येईल.

ऊस तोडला की खोडवा फुटतोय. हितं फुटत न्हाई भावा. मागनं मूळ काढलं की ती जागा कायमची रिकामी.

पण म्हणून पैशावर पण जाऊ नको. दीड-दोन लाख घालून केलेलं वाईट काम बी ह्याच खुर्चीत बघितलंय. ज्यांच्याकडं जाणार त्यांच्या जुन्या पेशंटचं पाठीमागचं फोटो माग. पुढचं समदेच दाखवत्यात.

ओटीतली ताई

मी हेअर ट्रान्सप्लांटच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असिस्टंट आहे. आधी पुण्यात होते, आता इकडे. कुठे ते विचारू नका.

मशीन तेच, हे खरं आहे आणि म्हणूनच मशीनवर पैसे ठरत नाहीत. पंच, म्हणजे ग्राफ्ट गोल कापून काढायचं टोक, ०.८ ते १ मिलिमीटरचा असतो. केस कातडीबाहेर ज्या कोनात दिसतो, त्याच कोनात त्याचं मूळ आत असतं असं नाही. हात चुकला की मूळ मधेच कापलं जातं. तो ग्राफ्ट मोजणीत येतो, उगवत मात्र नाही. काढलेले ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये ओले ठेवावे लागतात, बाहेर वाळले की गेले. तुम्ही पालथे झोपलेले असताना यातलं काही तुम्हाला दिसणार नाही. निकालही लवकर कळत नाही. लावलेले बरेचसे केस पहिल्या महिना-दीड महिन्यात गळतात, ते नेहमीचंच आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून परत यायला लागतात आणि खरं चित्र वर्षानं दिसतं. तोवर वाईट काम करणारासुद्धा "थांबा, येतील" एवढंच म्हणत राहू शकतो.

ग्राफ्ट बसवायचं काम बहुतेक ठिकाणी आमच्यासारखे असिस्टंटच करतात, महागड्या ठिकाणीही. त्यात मला गैर वाटत नाही. शिकलेला असिस्टंट दिवसभर तेच करतो, त्याचा हात बसलेला असतो. विचारायचं ते हे की रेघ कोण आखणार, भूल कोण देणार, पंच आणि चिरा (ग्राफ्ट बसवायच्या बारीक खाचा) कोण मारणार, डॉक्टर पूर्ण वेळ ओटीत असणार की फोटोपुरते, आणि त्या दिवशी आणखी किती पेशंट आहेत. डॉक्टर एक आणि टेबलं चार असतील तर दर कितीही असो, तुमच्या वाट्याला असिस्टंटच येणार.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ यांच्या शिक्षणातच हा विषय आहे, नुसतं वर्कशॉप करून किंवा यूट्यूब बघून तो येत नाही, असं त्यात आहे. म्हणून नावामागची डिग्री वाचा. बीडीएस म्हणजे दातांचे डॉक्टर. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का तेही बघा. हे पुण्यालाच मिळतं असं नाही, कोल्हापूर आणि मिरजेतही रीतसर शिकलेले लोक आहेत.

भूल जागेवरचीच असते, म्हणून लोक हलक्यात घेतात. त्या भुलीच्या औषधाचा, लिग्नोकेनचा, डोस वजनावर ठरतो. "अनलिमिटेड"च्या नादात दिवसभर टोचत राहिलं आणि मर्यादा ओलांडली, तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मॉनिटर, ऑक्सिजन, इमर्जन्सीची औषधं आहेत का, हे विचारायला लाजू नका. आधी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या नाहीत तर तिथून सरळ उठा.

आणि तो अनलिमिटेड शब्दच खोटा आहे. मागच्या सुरक्षित पट्ट्यातून आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात, कुणाचे त्याहून कमी. बाबा-काकांचं तुम्ही जे लिहिलंय ते बघता तुमचं गळणं नॉरवूडच्या सहाव्या पायरीपर्यंत जाऊ शकतं, टक्कल मोजायची ती पट्टी सात पायऱ्यांची आहे. आज कपाळावर खाली रेघ ओढून चार हजार ग्राफ्ट खर्च केले, तर चाळिशीत भोवऱ्याला काय लावणार? पुण्याच्या डॉक्टरांनी थांब म्हटलं ते तुम्हाला खटकलं. माझ्या मते त्या सगळ्या भेटीत तेवढंच ऐकण्यासारखं होतं. मिनॉक्सिडिल आणि फिनॅस्टराइडनं गळणं किती थांबतं ते आधी कळू दे, ट्रान्सप्लांट नंतरही असलेले केस टिकवायला औषध बहुधा लागतंच. फिनॅस्टराइडनं काही जणांची लैंगिक इच्छा कमी होते किंवा तसले त्रास होतात. लग्न ठरायच्या बेतात आहे, तर हे डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका.

पैसे कमी पडत असतील तर ग्राफ्ट कमी करा, सर्जन हलका करू नका. पुढच्या भागाला पंधराशे ग्राफ्ट नीट लागले तरी चेहरा बदलतो, भोवऱ्याचं नंतर बघता येतं. चांगला सर्जन अशा टप्प्याला नाही म्हणत नाही.

शिरोलीवाला

ताई, पुण्याची औषधांची चिठ्ठी अजून पाकिटातच आहे. कोल्हापूरच्या काउन्सिलरना आज फोन करून विचारलं, चिरा कोण मारणार? "आमची टीम" एवढंच उत्तर आलं. डॉक्टरांचं नाव विचारलं तर म्हणाल्या, या, बसून बोलू. तिथलं रद्द.

सलूनवाले मामा, तो पोरगा अजून तुमच्याकडं येत असेल तर त्याच्याशी बोलायला मिळेल का? आणि केलंच कधी तर हेल्मेटचं काय? कारखान्यात सक्तीचं आहे आणि हायवेनं बाइकवर येतो-जातो.

ओटीतली ताई

ग्राफ्ट पक्के धरायला साधारण दहा दिवस जातात. हेल्मेट किमान दोन आठवडे तरी नको, नेमकं तुमचे सर्जन सांगतील. भट्टीजवळचा घाम आणि वाळूची धूळही तितके दिवस चालणार नाही, म्हणजे रजा टाकावीच लागेल. १ लाख ६२ हजारांत ती रजा आणि पुण्याच्या फेऱ्या धरलेल्या नाहीत, तेही मांडा.

सलूनवाला, राजारामपुरी

त्याला इचारतो, हो म्हणाला तर गाठ घालून देतो. आणि औषध सुरू करायच्या आदी दुकानात ये. पुढनं, मागनं, वरनं फोटो काढून ठिवू, सहा म्हैन्यांनी परत त्याच लाइटखाली काढू. घरच्या आरशात रोज बघून काय कळत न्हाई. सोमवारी दुकान बंद असतंय.