मदत हवी आहे: लॅब्रेडॉर कुत्र्याच्या अंगावरच्या पुळ्या पुन्हा पुन्हा येतात, मूळ कारण कसं शोधायचं?

आमचा बंड्या, लॅब्रेडॉर, पाच वर्षांचा. राहायला मुलुंड. वर्षभर त्याच्या पोटावर, जांघेत पुळ्या येतात, फुटून गोल चट्टे पडतात, कडेने पापुद्रे सुटतात. पंजे चाटतो, कानाला आंबूस वास. सेफॅलेक्सिन (अँटिबायोटिक) दिलं की साफ, गोळ्या संपल्या की थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. पावसाळ्यात तर विचारू नका.

नव्या डॉक्टरांनी काचपट्टीवर नमुना घेऊन पाहिला: जिवाणू भरपूर, शिवाय मॅलॅसेझिया ही यीस्ट. कातडी खरवडूनही पाहिली, डेमोडेक्सचे (कातडीतले सूक्ष्म) किडे नाहीत. त्यांचं म्हणणं, हे जंतू निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असतात. ते माजतात म्हणजे मुळात ॲलर्जी (पिसवा, अन्न, धुळीतले माइट्स म्हणजे सूक्ष्म किडे) नाहीतर हार्मोनची गडबड (थायरॉइड कमी पडणं, किंवा कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल जास्त होणं). पटलं.

पण आधी काय करू? रक्ततपासणी की अन्नचाचणी? वजन वाढलंय खरं, पण त्यात थायरॉइडचा वाटा किती आणि आईच्या तुपाच्या पोळीचा किती, देव जाणे. अन्नचाचणी म्हणजे किमान आठ आठवडे एकच, कधीही न खाल्लेलं प्रथिन. बंड्या जन्मापासून चिकन-भात-दह्यावर आहे. मटण-बटाटा चालेल का? वॉचमनकाकांची ग्लुकोज बिस्किटं कशी थांबवायची, तेही सांगा.

परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलात त्वचेसाठी कुणी दाखवलंय का? कडुलिंब-हळद कृपया सुचवू नका, करून झालंय.

प्रतिसाद:
आधी एक आठवा. पुळ्या पूर्ण गेल्यावरही तो खाजवतो का? हो, तर ॲलर्जीकडे बघा. पुळ्यांबरोबर खाजही थांबत असेल, तर हार्मोनची तपासणी आधी. नुसत्या टी-४ वर (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) थायरॉइड ठरवू नका. दुसऱ्या आजारात किंवा स्टिरॉइडवर असतानाही तो कमी येतो, सोबत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) हवा.

मटण खरंच कधी दिलं नसेल तर चालेल, पण आधी पुळ्या आणि यीस्ट आटोक्यात आणा, नाहीतर खाज कशाची ते कळणार नाही. चवीच्या जंतगोळ्याही त्या काळात बंद, डॉक्टरांकडून बिनचवीचा पर्याय घ्या. पिसवांचं औषध मात्र चालूच ठेवा. पुन्हा अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर आधी कल्चर (जिवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते पाहणं) करून घ्या. क्लोरहेक्झिडीनचा (जंतुनाशक) शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, लगेच धुतला तर उपयोग नाही.

वॉचमनकाकांना मटणाचे उकडलेले तुकडे डब्यात घालून द्या. बिस्किटाऐवजी तेच देतील.