प्रतिसाद: आगगाडी आधी की नळ?

मुंबईत आगगाडी आधी आली की घरात नळ, असा प्रश्न वर कुणीतरी विचारला आहे. आगगाडी आधी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची धाव झाली, तेव्हा इंजिनात पाणी भरायला गाडी शीवला थांबली होती. शहर मात्र विहिरी-तलावांवरच जगत होतं. विहार तलावाचं पाणी नळांतून यायला १८६० उजाडलं. रस्त्यावरचे गॅसचे दिवे तर १८६५ चे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. इंजिनाच्या पाण्याची सोय आधी झाली, माणसांच्या पाण्याची नंतर. पुढे २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनेच पोहोचवलं, तेही या चर्चेत यायला हवं.