'खंडग्रास'मधला खंड कुठला?

अर्धविराम: ग्रहणांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'खंडग्रास चंद्रग्रहणांचं आवर्तन' असं लिहिलं होतं, संपादकांनी 'आंशिक ग्रहणांचे चक्र' करून पाठवलं. म्हणे, मध्येच खंड पडलेलं ग्रहण असं वाचकांना वाटेल. खरंच वाटतं कुणाला? आणि चक्र की आवर्तन?

शेंडेफळ: मला वाटायचं! 'पावसाने खंड दिला' तसं. ग्रहण सुटल्यावरही पुढचा हप्ता कधी लागतो म्हणून ताटकळत बसलो होतो.

कोशकिडा: खंड म्हणजे तुकडा, ग्रास म्हणजे घास. बिंबाचा तुकडाच गिळला, म्हणून खंडग्रास. इतकं नेमकं असताना हिंदी बातम्यांतलं 'आंशिक' कशाला?

हट्टी: अंशही संस्कृत, खंडही संस्कृत. 'अंशतः ढगाळ' तेवढं चालतं वाटतं?

कोशकिडा: मग खग्रासलाही 'पूर्ण' म्हणा आणि मोकळे व्हा. 'ख' म्हणजे आकाश. आख्खं बिंब झाकून वर सावली उरते, ती भोवतालचं आकाशही गिळते.

शेंडेफळ: मी 'आख्खा ग्रास'चा खग्रास समजत होतो.

दुर्बीणवाला: चक्र नको. २२३ चांद्रमासांनी, म्हणजे १८ वर्षं ११ दिवस आणि साधारण ८ तासांनी तसंच ग्रहण येतं खरं, पण तेच नव्हे. ऑगस्ट २००८ मध्ये चंद्राचा ८१ टक्के व्यास सावलीत होता, ऑगस्ट २०२६ मध्ये ९३ टक्के, आणि सप्टेंबर २०४४ मध्ये त्याच मालिकेत थेट खग्रास. घास दर खेपेला मोठा होतोय. शिवाय त्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, त्यामुळे दिसतं भलतीकडेच.

हट्टी: मग आवर्तन तरी कसं? आवर्तन समेवर येतं. हे समच चुकवतंय. या १८ वर्षांच्या फेऱ्याचं इंग्रजी नाव आहे, तेच सरळ 'सॅरोस' लिहा.

कोशकिडा: सॅरोस! तो तर धूमकेतूवाल्या खगोलशास्त्रज्ञ हॅलेने १६९१ मध्ये चुकून चिकटवलेला शब्द. बाबिलोनी 'सार' म्हणजे ३६००, ग्रहणाशी संबंध शून्य.

हट्टी: चुकीचा असेल, पण सव्वातीनशे वर्षं चाललाय. आता तोच बरोबर.

अर्धविराम: मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. खंडग्रास ठेवू ना?

शेंडेफळ: एक शंका. 'आख्खा' हा 'अखंड'वरून आला असेल का? म्हणजे तिथेही खंडच!

कोशकिडा: थांबा, कोश काढतो.