बॅशआरसी आवरली, कॉमेंट झाडून काढल्या. बरं केलं का?

जुळे सोलापूर: रविवारी उन्हात बाहेर पाय टाकवेना, म्हणून बॅशआरसी आवरली, म्हणजे बॅश हे कमांड चालवणारं शेल सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल. ४१० ओळींच्या १८० झाल्या. बरोबरच्या चिन्हांच्या चौकटी गेल्या, बंद ठेवलेले जुने एलियास (कमांडची टोपणनावं) गेले. उरलेल्या कॉमेंट (शेल सोडून देतं त्या, माणसासाठीच्या ओळी) एका पद्धतीत आणल्या: हॅश, एक स्पेस, स्मॉल अक्षरांत इंग्रजी. ज्या एलियासला कॉमेंट लागते त्याचं नावच चुकलेलं असतं. सगळ्यांनी हे करावं.

सात रस्ता: तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांमुळे लिहायला बसलो. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेलच्या ऑर्डरींचं मशीन मी सांभाळायचो. तिथल्या बॅशआरसीत एक ओळ होती, शेल इंटरॲक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर माणूस टाइप करत नसेल, तर इथूनच परत फिरायचं. तिच्या डोक्यावर आधीच्या माणसाने लिहिलेलं, "याच्या वर काही छापू नका, रात्रीचा बॅकअप अडकतो." नव्या पोराने फाइल आवरली. कॉमेंट उडवली आणि स्वागताचा एको (मजकूर छापणारी कमांड) सगळ्यात वर नेला, तिथे शोभतो म्हणून. रात्री आरसिंक (बॅकअपसाठी फाइली नक्कल करणारा प्रोग्रॅम) एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून शिरायच्या वाटेने, आलं, बॅशने बॅशआरसी वाचली आणि डेटाच्या आधी ते स्वागत आरसिंकच्या पदरात पडलं. प्रोटोकॉल जुळेना. अशा वेळी आरसिंकच्या एररमध्ये सरळ प्रश्न असतो, तुमचं शेल स्वच्छ आहे ना? तीन रात्री बॅकअप नाही, चौथ्या दिवशी डिस्क गेली. आता सांगा, हे कुठल्या एलियासच्या नावात मावलं असतं?

जुळे सोलापूर: चूक एको हलवणाऱ्याची. कारण लिहायला गिट आहे, ते फाइलीतल्या बदलांची नोंद ठेवतं. त्या नोंदीत, कमिटमध्ये, लिहा.

सात रस्ता: रात्री अडीचला मशीनवर शिरलेला माणूस गिट लॉग चाळत बसत नाही ओ. समोर उघडी असते ती फाइल.

होटगी रोड: कॉमेंटचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनापासून बॅशच्या जागी झीशेल हे दुसरं शेल बसवलं. तेव्हापासून नोट्समधल्या कमांड हॅशसकट पेस्ट केल्या की उत्तर येतं, अशी कमांड नाही. फाइलीत कॉमेंट चालते, प्रॉम्प्टवर नाही! सेटऑप्ट या कमांडने इंटरॲक्टिव्ह कॉमेंट्स चालू करावं लागतं. बॅशमध्ये ते मुळातच चालू असतं. दोन दिवस गेले माझे यात.

पूर्व भाग: ते राहू द्या. "स्मॉल अक्षरांत इंग्रजी" कशासाठी? फाइल तुमची, घर तुमचं, वाचणारे तुम्ही. माझ्या घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि स्वतःला निरोप लिहायचा तर इंग्रजीत? माझ्या कॉमेंट मराठीत आहेत आणि राहतील.

विजापूर वेस: हौस म्हणून ठीक. लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) सी असलेल्या सर्व्हरवर तीच फाइल लेस या वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, तिथे नुसते कोनातले आकडे दिसतात. एकदा एका क्लायंटसमोर अशी शोभा झालीय माझी.

पूर्व भाग: मग लोकेल नीट करा, भाषा का बदलता? वडील चादरीच्या मागावर होते. जॅकार्डच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर नंबर असायचा, आणि पहिल्या पुठ्ठ्यावर वडील पेन्सिलने तेलुगूत लिहायचे, कुठली किनार, कुठल्या बाजूने लावायची. दोरी तुटून माळ विस्कटली की त्या चार शब्दांवर डिझाइन परत उभं राहायचं. ते इंग्रजीत लिही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

विजापूर वेस: वडिलांचा माग मध्ये आणू नका. माझ्या जागी उद्या बंगळुरूचा माणूस येईल, त्याने काय करायचं?

पूर्व भाग: तो माझी बॅशआरसी उघडेलच कशाला? विषय वैयक्तिक फाइलीचा चाललाय, नीट वाचा आधी.

सात रस्ता: माझी गोष्ट सर्व्हरची होती, हे मान्य. तिथे इंग्रजीच बरी. पण कारण लिहिलेलं हवं.

जुळे सोलापूर: भाषेचं मागे घेतो. पण आवरायला का बसलो तेही ऐका. जुना भाग बंद करायला मी कोलन (काहीच न करणारी कमांड) आणि हिअरडॉक (ईओएफ या खुणेपर्यंतचा मजकूर कमांडला देणं) वापरलं होतं, ईओएफला कोट न लावता. आतलं मेलं असं धरून चाललो. त्यातली डॉलर-कंसातली कमांड मात्र दर टर्मिनलला चालत होती, प्रॉम्प्ट यायला चार सेकंद लागायचे. वर्षभर मी मशीनला दोष दिला. म्हणून बंद ठेवलेला कोड फाइलीत नको, यावरून मी हलणार नाही.

सात रस्ता: तो काढाच, त्यावर कोण भांडतंय? मेलेला कोड वेगळा, कारण सांगणारी ओळ वेगळी. त्या ४१० मधल्या अशा किती ओळी गेल्या ते आधी बघा.

जुळे सोलापूर: जुनी फाइल लावून बघितली. सहा. पाथचा, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांचा, क्रम का उलटा ठेवलाय, ती एक त्यात होती आणि आत्ता मलाच आठवत नाहीये. सहाही परत घातल्या. चौकटी मात्र येणार नाहीत.

पूर्व भाग: कुठल्या भाषेत घातल्या?