ऐकू कमी येतं, तर काम कोणतं? कोल्हापुरातले आमचे अनुभव

गेल्या आठवड्यात राजारामपुरीत कानाच्या मशीनचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा भाग, बदलून घ्यायला गेले होते. शेजारच्या खुर्चीवर विशीतला एक मुलगा आणि त्याची आई. आईनं मला हळूच विचारलं, "ताई, हे कानात घालून नोकरी लागते का हो?" मुलगा मान खाली घालून फोन बघत होता, पण बघत नव्हता हे कळत होतं. मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण सगळं माझ्या एकटीचं. दुसऱ्याच्या कामात काय होतं ते मला माहीत नाही. म्हणून विचारते: ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांनी आपण कुठलं काम धरलं, कुठलं सोडलं, का, ते लिहा. फसलेलंही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. वय ४४. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या कानाला फोन लावला की समोरचा माणूस दूर गेल्यासारखा वाटायला लागला. निदान ओटोस्क्लेरोसिस. मधल्या कानात रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, शरीरातलं सगळ्यात छोटं. ते जखडत जातं आणि आवाज आत पोचत नाही. बायकांत हे जास्त आढळतं, काहींचं गरोदरपणात वाढतं. एका कानाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला मशीन.

तेव्हा मी एका पतसंस्थेत काउंटरवर होते. मध्ये काच, खाली बोटभर फट, डोक्यावर पंखा, आणि माणसं पैसे मोजता मोजता खाली बघून बोलणारी. मराठी आकडे किती सारखे आहेत ते मला तिथं कळलं. एकोणतीस, एकोणचाळीस. एकोणसाठ, एकोणसत्तर. पुढचा अर्धा शब्द गळला की दहा हजारांचा फरक. एका संध्याकाळी कॅश जुळेना, आणि सगळ्यांसमोर मला विचारलं गेलं, "लक्ष कुठं असतं तुमचं?" लक्ष तिथंच होतं. दिवसभर इतकं लक्ष दिल्यामुळं घरी गेल्यावर मुलांशी बोलायची ताकद उरायची नाही.

मी आठ महिने कुणाला सांगितलं नव्हतं. कान गेल्याचं नाही, पण ते आठ महिने गेल्याचं वाईट वाटतं. सांगितल्यावर आतलं टेबल मिळालं, खतावणी आणि व्याजाचे हिशेब. तिथं बसून पहिल्यांदा उमजलं की अडचण हिशेबाची नव्हतीच, काम माझ्याकडं कुठल्या वाटेनं येतं त्याची होती. काउंटरवर ते आवाजानं येत होतं, आत कागदानं. पुढं टॅली शिकले, जीएसटी आल्यावर रिटर्न भरायला शिकले. आता लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांचं काम घरून करते. बिलांचे फोटो येतात, प्रश्न लिहून येतात. व्हॉइस मेसेज कुणी टाकला तर परत पाठवते आणि लिहायला सांगते. एकानं त्यावरून काम काढून घेतलं. बाकीचे टिकलेत.

शिरोली एमआयडीसी, फाउंड्री, वय ५१

ताई, तुमचे कान गेले म्हणून काम बदललं. माझं उलटं. कामानंच कान नेले.

एकोणिसाव्या वर्षी फेटलिंगला लागलो. साच्यात ओतून काढलेल्या भागाला आम्ही जॉब म्हणतो. त्याच्या कडेला जादा लोखंड राहतं, ते ग्राइंडरनं उडवायचं. शेजारी नॉकआउट, म्हणजे साच्यातनं जॉब हादरवून बाहेर काढायचं मशीन. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा हाय, पण त्या वयात कोण बघतंय. कानात कापूस घालायचो. कापूस म्हणजे काहीच नाही, हे आता पोरांना ओरडून सांगतो. चाळिशीत तपासणी झाली. आलेख सरळ येत होता आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजांना, खड्ड्यात गेलेला. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजानं झालेलं असंच दिसतं, आणि गेलेलं परत येत नाही. मला आवाज ऐकू येतो, शब्द फुटत नाहीत. 'स', 'श', 'च' गळतात. घरात वाटायचं मी मुद्दाम करालोय.

सगळ्यात जास्त लागलं ते एका गोष्टीचं. जुनी माणसं जॉब टांगून हातोडीनं वाजवतात. खणखणीत वाजला तर बरा, बद्द वाजला तर आत तडा. त्यात माझा हात धरणारा शॉपवर कुणी नव्हता. बाजूच्या लाइनवरनं जॉब माझ्याकडं आणायचे. एक दिवस मी पास केलेला जॉब मशीनिंगला जाऊन फुटला. त्या रात्री जेवलो नाही.

पण तडा बघायचा दुसरा मार्ग हाय, आणि तो डोळ्यांचा हाय. डाय पेनेट्रंट. जॉब साफ करून लाल रंग मारायचा, थोडा वेळ थांबायचं, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. तडा असला की पांढऱ्यावर लाल रेघ उगवते. पृष्ठभागावरची केसाएवढी फटसुद्धा दिसते. ते शिकलो, गेज आणि व्हर्नियरनं माप घेणं पहिल्यापासून यायचंच, आता इन्स्पेक्शनला हाय. आत दडलेला दोष त्यात दिसत नाही, त्याला वेगळी तपासणी लागते, ती दुसरा पोरगा करतो.

दोन गोष्टी मागून घेतल्या. माझ्या टेबलाजवळ फोर्कलिफ्टला दिवा, नुसता हॉर्न नको. आणि मागनं हाक मारायची नाही, समोर यायचं. दोन्ही मिळाल्या, एका शब्दावर. मागायला मीच चार वर्षं लावली.

आणि एक. ऐकायचं मशीन बंद करून कानात ठेवलं म्हणजे कान झाकला असं न्हवं. शॉपवर इअरमफच पाहिजे. उरलंय तेवढं तरी राखा.

इचलकरंजी

वडील तीस वर्षं यंत्रमागावर होते. शेडमध्ये सगळे हातवारे आणि ओठांवरच बोलायचे, त्यामुळं कुणाचे किती गेलेत हे कुणालाच कळायचं नाही. घरी टीव्ही मोठा व्हायला लागला तेव्हा कळलं. मी त्या शेडमध्ये गेलो नाही, सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, ऑफिसात आहे. माझे कान चांगले आहेत, तरी लिहावंसं वाटलं.

गंगावेस, डी.फार्म., वय ३६

लहानपणापासून मध्यम प्रमाणात कमी ऐकू येतं. मेडिकलच्या काउंटरवर नऊ वर्षं काम केलं आणि चांगलं केलं. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि एका आठवड्यात मी आंधळी झाल्यासारखी झाले. तेव्हा समजलं की मी इतकी वर्षं कानांनी कमी आणि ओठांवरून जास्त ऐकत होते. आणि ओठसुद्धा सगळं सांगत नाहीत. 'प', 'ब', 'म' ओठांवर एकसारखे दिसतात. आरशासमोर आवाज न काढता 'पापा, बाबा, मामा' म्हणून बघा. 'क' आणि 'ग' तर घशातच राहतात, दिसतच नाहीत. मराठीत वाक्याच्या संदर्भानं भागतं. औषधांच्या नावांना संदर्भ नसतो.

एका आजोबांनी चिठ्ठीशिवाय गोळीचं नाव सांगितलं, मी भलतीच पट्टी काढली. पिशवीत घालण्याआधी पट्टीवरचं नाव दाखवलं म्हणून निभावलं. त्या दिवशी मी काउंटर सोडायचं ठरवलं. मला सगळे म्हणाले, जिद्द सोडू नको. जिद्दीनं मी कितीही त्रास सोसला असता, पण इथं चूक दुसऱ्याच्या पोटात जाणार होती. आता शाहूपुरीत होलसेलकडं खरेदी आणि स्टॉक बघते. बॅच नंबर, एक्सपायरी, ऑर्डर, सगळं लेखी. शिक्षण वाया गेलं नाही, फक्त मी दुकानाच्या पुढच्या बाजूकडून मागच्या बाजूला गेले. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे. तेही खरं सांगायला हवं.

कागल, स्पर्धा परीक्षा

माझा उजवा कान पूर्ण गेलाय, लहानपणी गालगुंड झाले तेव्हा. डावा ठणठणीत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेलो तर बसत नाही म्हणाले. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांचं मोजतात: ६० ते ७० डेसिबल कमी असेल तर 'कमी ऐकू येणारा', ७० किंवा जास्त तर 'बधिर'. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का या दोघांना मिळून. मी त्यात नाही. राग नाही, माझ्यापेक्षा जास्त गरज असलेल्यांसाठी ते आहे. पण वर्गात उजवीकडून कुणी बोललं की मी नाही, आणि आवाज आला तरी कुठून आला ते कळत नाही. रस्त्यावर तर जास्तच. मी खुल्या जागेतून तयारी करतोय आणि मुलाखतीत गेल्या गेल्या सांगायचं ठरवलंय.

*(धागा सुरू करणारी: ज्यांना ६० च्या वर आहे त्यांनी प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढा, जाहिरात आल्यावर धावाधाव नको. आणि जे आधीच सरकारी नोकरीत आहेत आणि नंतर कान गेले, त्यांना त्या कारणानं काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. त्याच कायद्याचं २० वं कलम. माझ्या मामेभावाला हे माहीत नव्हतं, तो स्वतःहून राजीनामा लिहून बसला होता. आम्ही तो फाडला.)*

हुपरी, चांदीकाम

मी जन्मापासून बधिर. माझी पहिली भाषा खुणांची, मराठी दुसरी. बहीण वाचून शुद्धलेखन बघते, शब्द माझे.

तुम्ही सगळे ऐकत होता, मग कमी झालं. तुमच्याकडं भाषा आधीच होती. मला शाळेत खुणा करू देत नव्हते, हात बांधून बसा म्हणायचे. बोलायला शिकण्यात वर्षं गेली, गणित आणि इतिहास राहिला. काम शोधताना कान आडवे आले नाहीत, ते राहिलेलं शिक्षण आडवं आलं. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी मशीन घ्या, पण खुणासुद्धा शिकवा. भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था २०१५ पासून दिल्लीत आहे, तिचे शब्दांचे व्हिडिओ फुकट बघता येतात.

पैंजणाचं काम करतो. कडी जोडणं, डाग देणं, म्हणजे झाळणं. ज्योतीचा रंग आणि डाग पळतो तो क्षण बघायचा असतो. कान लागत नाहीत. सुरुवातीला लोक म्हणाले, बधिराला हे बरोबर काम मिळालं. सतरा वर्षं झाली, अजून तेच काम आहे. माझ्यानंतर आलेले दोघे डिझाइनला गेले. व्यापारी आले की चर्चेला त्यांना बोलावतात, मला नाही, कारण मला सांगायला वेळ लागतो. काम मिळालं की प्रश्न संपला असं समजू नका. पुढं जायचा रस्ता आहे का ते आधी बघा.

गेल्या दिवाळीनंतर मी वहीत दहा डिझाइन काढून मालकासमोर ठेवली. तीन घेतली. आता चर्चेला बसतो, बहिणीचा मुलगा व्हिडिओ कॉलवरून खुणा करून सांगतो.

कुस्तीच्या जिल्ह्यात राहता म्हणून एक सांगतो. वीरेंदर सिंग हा बधिर मल्ल, हरियाणाचा. बधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतलं, २०२१ चा पद्मश्री मिळाला. ऐकणाऱ्यांच्या आखाड्यातच तो लढायला शिकला.

कसबा बावडा, एक वडील

सगळं वाचलं. मुलगी दहावी झाली, दोन्ही कानांना मशीन, ६५ च्या आसपास. बोलते छान. सगळे म्हणतात कॉम्प्युटरला घाला, एका जागी बसून काम. तिला चित्रकला आणि हातानं काही बनवणं आवडतं. आम्ही घाबरतो. काय करावं?

शिरोली

दादा, तिला विचारलंत का? एका जागी बसवायचं ते तुमच्या भीतीसाठी की तिच्यासाठी? रागवू नका, मला पण पोरगी हाय. आमच्या ओळखीत पॅटर्न शॉप हाय. लाकडाचा, ॲल्युमिनियमचा पॅटर्न बनतो, ज्यावरनं साचा काढतात. ड्रॉइंग वाचायचं, हातानं घडवायचं, आता पुष्कळ काम कॉम्प्युटरवर डिझाइन करून व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, कापतात. फाउंड्रीपेक्षा आवाज कमी, पण राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, चालू असला की मफ लावायचेच. नुसतं बघायला पाठवा.

गंगावेस

बघायला पाठवताना एक करा. तिथं लोक तिच्याशी कसे बोलतात ते तिला बघू दे, तुम्ही मध्ये पडून उत्तरं देऊ नका. माझे बाबा द्यायचे. पावसात मशीन ओलं होऊ देऊ नका, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. जूनपासून माझी दोन मशीनं अशीच बिघडली होती.

कसबा बावडा, मुलगी

बाबांच्या फोनवरून लिहितेय. शनिवारी गेले होते. बाबा बाहेर थांबले.

तिथल्या काकांनी राउटर बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडं तोंड करून बोलले. एक शब्द कळला नाही, 'ड्राफ्ट'. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि हातातला पॅटर्न वाळूच्या पेटीतून वर ओढून दाखवला. बाजू किंचित तिरकी ठेवली की पॅटर्न वाळू न मोडता बाहेर येतो. सरळ बाजूचा ओढला तर कड ढासळली.

मग मला एक लाकडाचा तुकडा आणि पॉलिश पेपर दिला. दोन तास घासला, एका बाजूला दीड अंश आला, दुसऱ्या बाजूला जास्त झाला. काका म्हणाले, सोमवारी ये, दुसरी बाजू बघू.