मदत हवी आहे: पावसाळ्यात बाल्कनीतलं खत फार ओलं होतंय

नमस्कार मंडळी. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. ओला कचरा डेपोतल्या ढिगाखाली हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो, म्हणून मार्चपासून भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा भोकं पाडलेल्या बादलीत जिरवतेय. उन्हाळ्यात काळंभोर, मातीच्या वासाचं खत मिळालं. कढीपत्ता त्यावरच फुटलाय. जुलै लागला आणि सगळं चिकट झालं. आंबूस वास येतो, अळ्याही दिसतात, सासूबाईंना त्रास होतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा) दुप्पट घातलं, रोज हलवते, तरी ओल हटत नाही. सुकी पानं या दिवसांत आणायची कुठून? लाकडाचा भुसा चालेल का, की प्लायवूडचा असला तर त्यातला गोंद खतात उतरेल? आंबट ताक घालणाऱ्यांचा अनुभव काय? पुन्हा घंटागाडीत ओला कचरा द्यायचा नाहीये मला.