शनिवारची सुट्टी आणि तीनचा सामना

इंग्लंडमधले फुटबॉलचे सामने परंपरेने शनिवारी दुपारी तीनलाच का, असं अनेक जण विचारतात. त्याचं मूळ कापडगिरण्यांत आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने बायका आणि अल्पवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणं भाग पडलं. त्यांच्यावाचून गिरणी चालणार कशी? भोंगा झाला की लँकाशायरमधली, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या गिरणी पट्ट्यातली, गर्दी थेट मैदानाकडे वळायची. आपल्या गिरणगावातल्या घरांत हे लगेच कळेल. मुंबईच्या गिरण्यांत लँकाशायरच्याच ओल्डहॅम गावची यंत्रं होतीच.

१८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिकने ओल्ड इटोनियन्सना हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडचा जुना मानाचा फुटबॉल चषक, उत्तरेत आणला. संघात विणकर होते, प्लंबर होता. समोर ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत शिकलेले साहेब. मला हा सामना कुठल्याही विश्वचषकापेक्षा मोठा वाटतो.

खेळाडूही त्याच गल्ल्यांतले. प्रेस्टनचा टॉम फिनी इंग्लंडकडून खेळायचा आणि प्लंबिंगचा धंदाही सांभाळायचा. १९६१ पर्यंत पगारावर मर्यादा होती, शेवटी आठवड्याला २० पौंड. त्याच्या आदल्याच वर्षी बर्नलीसारखं छोटं गिरणीगाव इंग्लंडची अव्वल लीग जिंकून गेलं!

तेव्हा मैदानात उभ्याने सामना बघायचे, त्याच्या आठवणी अनेक जण सांगतात. लहान पोरांना डोक्यांवरून हातोहात पुढे कठड्यापाशी पोचवायचे, ते खरंच लोभस होतं. पण १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर अशाच उभ्या गर्दीत चेंगरून लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव गेला. पोलिसांनी दोष चाहत्यांवरच ढकलला आणि घरच्यांना न्यायासाठी दशकं झगडावं लागलं. त्या काळाबद्दल बोलताना हेही बोललंच पाहिजे.